पोच

आमच्या शाळेत सुट्टीला घरी जाणं म्हणजे एक मोहीमच असते. मुलं देशभरातून आलेली. प्रत्येक दिशेची एक पार्टी ठरते, बरोबर एस्कॉर्ट म्हणून एक सर जातात आणि सगळ्यांची तिकिटं एकत्र काढली जातात. त्यासाठीचे कागदी फॉर्म पूर्वी हाऊसमधून फिरायचे. गेल्या वर्षी हे काम कॉम्प्युटरवर करायचं ठरलं आणि ते माझ्यावर आलं. मी अकरावीत होतो, जँगो नुकतंच शिकलो होतो, आणि उत्साह ज्ञानापेक्षा जास्त होता.

साध्या पद्धतीत बटण दाबलं की सगळं पान पुन्हा उघडतं. आमच्या लॅबचं नेट संथ, म्हणून मी जावास्क्रिप्टचं ‘फेच’ वापरलं. पान जागेवरच राहतं, माहिती मागच्या मागे सर्व्हरकडे जाते आणि उत्तर आलं की हिरवी अक्षरं उमटतात : ‘फॉर्म मिळाला’. चाचणी म्हणून मी नेटची केबल काढून बटण दाबलं. लाल अक्षरांत चूक दिसली. झालं, माझी छाती फुगली!

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरला असताना याद्या नोटीस बोर्डावर लागल्या. त्या संध्याकाळी सातवीतला एक मराठी ज्युनियर माझ्याकडे आला. चारचौघांत तो मला ‘सर’ म्हणतो, त्या दिवशी म्हणाला, “दादा, पुण्याच्या पार्टीत माझं नाव नाही. मी फॉर्म भरला होता. हिरवी अक्षरं आली होती.”

“नीट भरला नसशील,” मी म्हणालो. हे वाक्य मला आजही टोचतं.

तरी त्याला लॅबमध्ये नेलं आणि पुन्हा फॉर्म भरायला लावला. वडिलांचा मोबाईल नंबर त्याने आपण सगळे लिहितो तसाच लिहिला : पाच आकडे, मध्ये जागा, पुन्हा पाच आकडे. बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. डेटाबेसमध्ये पाहिलं, तर नोंदच नाही.

माझ्या नियमाला सलग दहा आकडे हवे होते. सर्व्हरने फॉर्म नाकारून ४०० क्रमांकाचं उत्तर पाठवलं होतं. पण ‘फेच’ची रीत अशी, की निरोप पोचलाच नाही तरच ते त्याला अपयश मानतं. नकार घेऊन आलेलं उत्तरही त्याच्या लेखी उत्तरच. पाकीट उघडून आत होकार आहे की नकार, हे आपण बघायचं असतं. मी न उघडताच ‘मिळाला’ म्हणून मोकळा झालो होतो. केबल काढून मी वाट तुटल्याची चाचणी केली होती, नकाराची केलीच नव्हती.

हाऊसमास्तर सरांकडे जाऊन चूक माझी आहे, हे सांगितलं. ते रागावले नाहीत, पण गाडीत जागा उरली नव्हती. त्या मुलाचे वडील एसटीत कंडक्टर. दिवाळीच्या गर्दीत रजा मिळवून ते न्यायला येणार होते, पण पार्टी निघाल्यानंतर एका दिवसाने. आमची बस सुटली तेव्हा तो गेटपाशी उभा राहून हात हलवत होता. रिकाम्या डॉर्मिटरीत त्याची ती रात्र कशी जाईल, हाच विचार प्रवासभर माझ्या डोक्यात होता.

सुट्टीवरून आल्यावर पहिलं काम फॉर्मचं केलं. आता उत्तर ‘ओके’ आहे का, हे आधी तपासलं जातं. नकार असेल तर ज्या रकान्यात चूक आहे, त्याच्याखालीच ती दिसते. नंबरमधल्या मोकळ्या जागा सर्व्हरच काढून टाकतो. उत्तर येईपर्यंत बटण बंद राहतं आणि एका रोल नंबरची एकच नोंद डेटाबेस ठेवतो, म्हणजे घाईत दोनदा दाबलं तरी बिघडत नाही. तपासणी ब्राउझरमध्येही ठेवली आहे, पण ती भरणाऱ्याच्या सोयीसाठी. ती चुकवता येते, म्हणून खरा पहारा सर्व्हरवरच.

मग त्याच ज्युनियरला बोलावलं आणि म्हणालो, “जेवढ्या चुका सुचतील तेवढ्या कर.” त्याने तासाभरात चार नव्या चुका शोधल्या. जन्मतारखेत त्याने पुढच्या वर्षातली तारीख टाकली, आणि माझ्या फॉर्मने तीही घेतली होती!

फॉल-इनला मोजणी न करता ‘सब हाजिर’ असा रिपोर्ट देणाऱ्याला आमच्याकडे काय शिक्षा होते, ते सर्वांना माहीत आहे. माझ्या फॉर्मने तेच केलं होतं, आणि शिक्षा मात्र रांगेबाहेर राहिलेल्याला झाली.

या वर्षीची यादी लागली. पुण्याच्या पार्टीत त्याचं नाव अकरावं आहे. बोर्डापाशी त्याच्या आधी मीच जाऊन पाहिलं.