चाकू, बूट आणि एक अट

आमच्या शिष्यवृत्तीला नाव नाही. फलक नाही, उद्घाटन वगैरे तर नाहीच. अमरावती आणि अकोल्यातले मिळून चाळीस जण आहोत, प्रत्येकी महिन्याला ३०० रुपये. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. वही माझ्याकडे असते. या पैशांतून दरवर्षी दोन, फार तर तीन मुलांना स्वयंपाक शिकायला बाहेरगावी धाडतो.

हो, स्वयंपाकच! डॉक्टर-इंजिनियरसाठी पैसे मागितले की लोक देतात. स्वयंपाक म्हटलं की आधी हसतात. "सैपाकाले कायले शाळा लागते बाप्पा?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. गंमत म्हणजे असं म्हणणाऱ्यांत स्वतः आचारी असलेले बापच जास्त. पाचशे माणसांचे रोडगे गवऱ्यांच्या आरात एकसारखे भाजणारा माणूस, कणकेचा अंदाज एका मुठीत घेणारा. पण आपल्याला काही येतं असं त्याला वाटतच नाही.

मुंबईत दादरला हॉटेल मॅनेजमेंटची संस्था १९५४ साली निघाली. लीलावती मुन्शी आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी ती उभी केली, देशातली या प्रकारची पहिली. अशा सरकारी संस्थांत तीन-चार वर्षांच्या पदवीखेरीज दहावीनंतरचा दीड वर्षाचा स्वयंपाकाचा अभ्यासक्रमही असतो. आमची मुलं बहुतेक त्यालाच जातात, कारण दीड वर्षात हाताला काम लागतं.

फीचं काही ना काही जमतं. सरकारी शिष्यवृत्ती असते, मामा असतो, आईच्या कानातलं असतं. अडतं ते पुढच्या यादीवर. पांढरे कोट, एप्रन, टोपी. चाकूंचा संच. काळे जाड बूट, कारण उकळतं तेल पायावर सांडलं तर चपलेचा काय उपयोग? शिवाय खोलीचं डिपॉझिट आणि शिष्यवृत्ती खात्यात येईपर्यंतचं जेवण. दुसऱ्यांसाठी रांधायला शिकणारं पोर स्वतः वडापाववर राहतं. आम्ही फक्त ही यादी भरतो, फीला हात लावत नाही.

तर मुद्दा असा की, मागे एक काकाजी आले. अकोल्याचे व्यापारी, भला माणूस, घरी गेलं की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणाले, "दरवर्षी एक लाख देतो. पोरं वाढवा. फक्त एक, माह्या पैशानं शिकलेल्या पोरानं मांस शिजवू नये." वर माहितीही काढून आणली होती. अहमदाबाद, भोपाळ, जयपूरच्या सरकारी संस्थांनी शाकाहारी अभ्यासक्रमाचा पर्याय दिलाय, मग तिकडे पाठवा की! ही माहिती खरी होती.

एक लाख म्हणजे आमच्यासाठी सरळ दोन मुलं. त्या वर्षी एक मुलगी यादीत खाली राहिली होती. मूर्तिजापूरकडची, बाप लग्नाचा आचारी. पैसे घेतले असते तर ती त्याच जूनमध्ये गेली असती. आणि घरातले सगळे माळकरी! म्हणजे अट तिला आपोआप लागू. आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं पडलं, घ्या पैसे, बिघडतं कुठे?

बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. आमच्यातले एक निवृत्त मास्तर फारसं बोलत नाहीत, ते त्या दिवशी बोलले. पूर्वी गरीब पोरं वार लावून जेवायची. सात दिवस, सात घरं. ज्याच्या घरी वार, त्याच्या घरची रीत पाळायची; आणि कोणाला पानावर बसवायचं नि कोणाला नाही, हे त्या घरानं ठरवायचं. पंजाबराव देशमुखांनी याच अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहावीत, जेवावीत म्हणून. "आपण उलटं जायचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

मला स्वतःला पटलं ते वेगळ्या कारणानं. अट त्या मुलीला जाचली नसती, पण तिच्यानंतरच्या पोराला? अर्ज घेताना आम्ही घरात काय शिजतं ते विचारणार, आणि आपल्याकडे हा प्रश्न विचारला की जात विचारून झाली. पैसे घेतले नाहीत.

मुलगी एक वर्ष थांबली. त्या वर्षात बापाबरोबर लग्नांची कामं केली. पुढच्या जूनमध्ये अमरावती-मुंबई गाडीत मूर्तिजापूरला चढली. दीड वर्षातले शेवटचे सहा महिने हॉटेलात प्रत्यक्ष काम असतं, तिथे तिला पहिल्याच महिन्यात मिळाला मटण-कोंबडी साफ करण्याचा विभाग. मी धास्तावून फोन केला. म्हणाली, "काका, शिजवते मी. खात नाही. मीठ बरोबरीची पोरगी पाहते, बाकी वासानं समजते." आणि तिला त्रास मांसाचा नव्हताच. पहिल्या आठवड्यात वरणावर घालायला तिनं 'सांबार' मागितला, तर शेफनं इडलीबरोबरचं सांबार पुढे केलं. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

बापाला मांसाचं कळलं तेव्हा पंधरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. नंतर बोलू लागला, पण त्या विषयावर नाही. अजूनही नाही.

काकाजी नाराज होते, तरी संबंध तोडले नाहीत. परवा म्हणाले, "मग बुटाचे पैसे घ्या माह्याकडून. बुटाले तर काही अडचण नाही न?" घेतले. ते बूट चामड्याचे असतात, हे आमच्यातलं कोणीच बोललं नाही.

यंदा दोघं जाताहेत. पैकी एकीच्या पायाला पाच नंबर लागतो. त्या मापात तसले बूट अमरावतीत मिळाले नाहीत, अकोल्यात शोधणं चालू आहे.