तुरीची डाळ आणि डिशवॉशर

दसरा झाला की आमच्या मावशी कापूस वेचायला जातात, त्या संक्रांतीच्या तोंडावर परततात. तोवर ओटा खरकट्या भांड्यांनी भरलेला. दोन हंगाम हे काढल्यावर मी डिशवॉशर आणला. यवतमाळात, लोहाऱ्याकडच्या आमच्या गल्लीतला तो पहिलाच, त्यामुळे शेजारीपाजारी बघायला आले. नेमके त्यांच्यासमोरच स्टीलचे पेले भस्म फासल्यासारखे पांढरट निघाले.

आईनं पेल्यावरून बोट फिरवलं. "बोअरच्या ज्या पाण्यात तुरीची डाय शिजत नाई, त्यात तुही मशीन काय करन रे?"

मी हसण्यावारी नेलं. टॅब्लेट बदलून पाहिली, मग एकाच्या जागी दोन टाकल्या. पांढरेपणा हटेना. शेवटी एका पेल्यावर लिंबाची फोड घासली, तर तेवढाच पट्टा लख्ख! म्हणजे थर क्षारांचाच होता. नळाला निळोणा-चापडोहचं पाणी येतं, पण 2018 च्या उन्हाळ्यात ती दोन्ही धरणं आटली आणि गावाची भिस्त टँकर-बोअरवर आली. तेव्हापासून आमच्या गच्चीवरच्या टाकीत बोअरचंच पाणी चढतं.

मग माहितीपुस्तिका काढली, जी पहिल्याच दिवशी वाचायला हवी होती. मशीनच्या तळाशी मिठाची टाकी असते. पाणी आत येताना रेझिनच्या मण्यांतून जातं. ते मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा ताजं करतं. मी तिथं घरचं आयोडीनयुक्त मीठ ओतलं होतं! ते मोकळं राहावं म्हणून त्यात जी पूड घालतात, ती यंत्राला चालत नाही. डिशवॉशरचं जाड, शुद्ध मीठच हवं. ते भरताना सांडलं तर लगेच मशीन चालवायची, नाहीतर तळाचं स्टील गंजतं. सोबतची पट्टी पाण्यात बुडवली, तर आमचं पाणी सर्वात जड निघालं, आणि सेटिंग मात्र खालच्या आकड्यावर होतं. ते वर नेलं. शेवटच्या पाण्यात मिसळणारं रिन्स एडही भरलं. त्यानं पाण्याचे थेंब भांड्यावर न थांबता ओघळून जातात.

पेले चमकले. वाट्यांना मात्र हळद आणि पिठल्याचे कण चिकटलेलेच. चालू मशीनमधून टक्-टक् आवाज यायचा. दार उघडून पाहिलं, तर सराट्याचा दांडा जाळीतून खाली लोंबत होता आणि पाणी फवारणारा हात त्याला अडकून जागच्या जागी थांबला होता. तो हात काढून हलवला, तर आत खुळखुळा वाजला. भोकांत टाचणी घातली, एकेक करून अकरा मोहऱ्या निघाल्या, एक जिरं आणि कढीपत्त्याची शीर! आता आठवड्यातून एकदा गाळणी आणि फवाऱ्याची भोकं मीच साफ करतो. खरकटं झटकतो, पण नळाखाली विसळत बसत नाही. एका फेरीला दहा-बारा लिटर पाणी लागतं, हातानं घासताना याच्या कितीतरी पट जायचं. आमच्या गावात हा हिशेब आधी होतो.

सगळंच त्यात जात नाही. ॲल्युमिनियमची कढई एकदाच घातली, ती काळीठिक्कर पडली. तेव्हापासून ती आणि लोखंडी तवा हातानंच. आईचा पितळी गडवा तर ती मला शिवूही देत नाही. चिंचेनं घासते.

परवा मी मीठ भरत होतो. "म्हंजे याच्यात पानी हलकं होऊन जाते म्हंतोस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती थोडी वाकून टाकीच्या तोंडाशी बघत राहिली.

"मंग डायीपुरतं काढता येत नाई का?"