वहिवाट

शहरात राहून थकलेल्या मनुष्यास डोंगरातील घराचे स्वप्न पडावे यात नवल नाही. आम्हांसही ते पडले. आणि स्वप्नावर मुद्रांक शुल्क बसत नसल्यामुळे कित्येक वर्षे आम्ही ते मनमुराद पाहिले. पुढे साताऱ्याकडील जावळीच्या खोऱ्यात एक घर विकावयाचे आहे असे कानी आले, तेव्हा मात्र स्वप्न आणि खरेदीखत यांतील अंतर आम्हांस कळू लागले.

घर जुने, जांभ्याच्या भिंतींचे व कौलारू. पुढे अंगण व पडवी, आत ओटी व माजघर, मागे एवढेसे परस. मालकांपैकी गावात कोणीच उरले नव्हते. या खोऱ्यातील पुरुषांच्या किती तरी पिढ्यांनी मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहून गावची घरे चालविली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या कष्टांस थोडे संरक्षण दिले, मुले तिकडेच स्थिरावली, आणि गावात कुलपे राहिली. दुसऱ्यास जे गाव पोटासाठी सोडावे लागले, ते आपण विश्रांतीसाठी विकत घ्यावे, हा विचार आमच्या मनास शिवला नाही असे नाही. परंतु किंमत ठरविण्याच्या गडबडीत तो मागे पडला.

व्यवहारात आम्ही फार सावध होतो. शेतजमिनीचा विचारच नव्हता. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमामुळे, जो शेतकरी नाही त्यास ती परवानगीवाचून घेता येत नाही. घर गावठाणात असल्याने ती अडचण टळली, तथापि दुसरी उभी राहिली. ग्रामपंचायतीचा आठाचा उतारा घरपट्टी कोणाच्या नावे आहे ते सांगतो. पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून २०२० साली निघालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकतपत्रिका हाती येईपर्यंत आम्ही थांबलो. मग वारस मोजले. ते नऊ निघाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती आमच्या वकिलांच्या जिभेवरच होती. सर्वांत थोरल्या बहिणीवाचून खत पुरे होणार नाही, असे त्यांनी बजावले.

ती वृद्धा एस.टी.ने निबंधकाच्या कचेरीत आली. अंगठा उठविण्यापूर्वी ती आम्हांस म्हणाली, "दादा, पावसाळ्यात पडवीच्या कोपऱ्याला कंदील लावत जावा. आमच्या आईनं कधी चुकवला न्हाई." जुन्या माणसांची ही एक श्रद्धा, असे समजून आम्ही मान हलविली. घाट चढून जाईपर्यंत ते बोलणे आम्ही विसरूनही गेलो.

आमच्या अंगणातून एक पायवाट जात असे. वरच्या वाडीतील बाया भल्या पहाटे हंडे घेऊन त्या वाटेने खालच्या पाणवठ्यावर उतरत. भांड्यांचा आवाज, हाका, हसणे. आम्ही शांततेसाठी पैसे मोजले होते! मिळकतपत्रिका काढून पाहिली, तीत वाट नव्हती. खरेदीखतातील चतुःसीमा वाचल्या, त्यांतही नव्हती. चैत्रात आम्ही तारेचे कुंपण घातले आणि लोखंडी फाटकास कुलूप लावले.

कोणी भांडावयास आले नाही. एक म्हातारी मात्र हंडा कमरेवर घेऊन तारेपाशी उभी राहिली व म्हणाली, "वाट बी इकत घेतली का, दादा?" आम्ही तिला नम्रपणे खताचा अर्थ समजावून दिला. तिने तो ऐकून घेतला आणि ती ओढ्याकडून वळसा घालून गेली. पुढे सगळ्याच जणी तिकडून जाऊ लागल्या. गावाचे हे मौन आम्ही संमती समजलो.

नंतर पाऊस आला. शेजारच्या महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या वर पडणारा तो पाऊस. आषाढातल्या एका अंधाऱ्या पहाटे ओढ्याच्या शेवाळलेल्या दगडावरून वरच्या वाडीतील एक मुलगी हंड्यासकट घसरली आणि तिचे मनगट मोडले. तिचा बाप आमच्या दारी येऊन दोन शब्द बोलला असता तर बरे वाटले असते. तो आला नाही. त्या रात्री वीज गेली होती. पडवीत बसलो असता कोपऱ्यातील वाशाला अडकविलेल्या गंजक्या आकड्याकडे लक्ष गेले, आणि तो कंदील देवासाठी नव्हता हे आम्हांस कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाटक उखडून काढले. वकिलांस विचारले ते त्यानंतर. ते म्हणाले, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे हक्काने, उघडपणे व अखंड वापरलेल्या वाटेवर वापरणाराचा हक्क जडतो. तिला वहिवाट म्हणतात. हे आधी का सांगितले नाही, असे विचारता ते म्हणाले, "तुम्ही मालक कोण एवढेच विचारले होते." त्यांचे म्हणणे खरे होते. खुणा, मोजमापे, नऊ वारस, सारे काही आम्ही तपासले. या घरावरून कोण जातयेत असते, हे मात्र कोणास विचारले नाही.

असो. त्या मुलीचे मनगट आता बरे झाले आहे. किंचित वाकडे राहिले आहे. ती पुन्हा आमच्या अंगणातून जाते, परंतु आमच्याकडे पाहत नाही. आणि तिने पाहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही खताने आम्हांस दिलेला नाही. पावसाळ्यात आम्ही कंदील लावतो. रात्रभर जळून काच काळवंडते. ती सकाळी पुसावी लागते.