खुनी आपल्याच मेसमध्ये!

कोलकाता म्हटलं की आपली यादी ठरलेली. हावडा ब्रिज, व्हिक्टोरिया मेमोरियल, रसगुल्ला, झालं! पुढच्या ट्रिपमध्ये मात्र एक सकाळ ब्योमकेश बक्षीसाठी राखून ठेवा.

हो, तोच. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या बासू चटर्जींच्या मालिकेतला, धोतर नेसणारा रजित कपूर. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या या हीरोला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलं आवडत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो, आणि त्याच नावाच्या कथेत त्याची नि अजितची पहिली भेट होते.

कोलकात्यातल्या चिनी वस्तीजवळची एक मेस. आसपास एकामागून एक खून पडतायत. अशात खोटं नाव सांगून, नोकरीच्या शोधात आलेला गरजू बनून ब्योमकेश तिथे राहायला येतो आणि अजितचा रूम पार्टनर होतो. ना अंगावर वर्दी, ना हातात बंदूक. कोकेनच्या धंद्याचा धागा पकडत तो खुन्याला अशा पेचात आणतो की गडी रात्री आपल्या पायानं त्यांच्या खोलीत येतो. हे दोघे टक्क जागे! खुनी कोण? मेसमधलाच. नाव सांगणार नाही, कथा वाचा.

गंमत म्हणजे हा सापळा मेसमध्येच जमू शकतो. गावाकडून नोकरी-कॉलेजसाठी आलेली मुलं एकेक खोली वाटून घ्यायची. जेवण एकत्र, पण शेजारच्या पलंगावरचा माणूस मूळचा कोण, कुठला, हे कुणाला पक्कं माहीत नसायचं. हिंजवडीत पीजी म्हणून राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच!

आता चालायला लागा. रविवारी सकाळी सहालाच टिरेटा बाजार गाठा. रस्त्यावर वाफाळते मोमो आणि फिशबॉल सूप मिळतं. आठ वाजता पोचलात तर रिकामी भांडी बघावी लागतील. चिनी वस्ती आता बरीच ओसरलीय, त्यामुळे हा नाश्ता किती वर्षं टिकेल सांगता येत नाही.

तिथून महात्मा गांधी रोड. हाच जुना हॅरिसन रोड, कथांमधला ब्योमकेशचा पत्ता. इथल्या ६६ नंबरच्या प्रेसिडेन्सी बोर्डिंगमध्ये तरुणपणी खुद्द शरदिंदू राहिले होते, कवी जीवनानंद दासही. म्हणजे मेसचं ते जग लेखकानं आतून पाहिलेलं! अशा कितीतरी मेस आता बंद पडल्यात. त्यामुळे जुनी इमारत दिसली की दोन मिनिटं थांबा. आत कुणी राहत असेल तर विचारल्याशिवाय फोटो नको, प्लीज. थकलात तर कॉलेज स्ट्रीटला ‘पॅरामाउंट’मध्ये शहाळ्याचं सरबत प्या. १९१८ पासूनचं दुकान आहे, बॉस!

आणि आता खास आपल्यासाठी. शरदिंदू १९३८ मध्ये सिनेमाच्या पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ मध्ये चक्क पुणेकर झाले. नंतरच्या कितीतरी ब्योमकेशकथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. शिवरायांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टीही लिहिल्या, त्याही बंगालीत.

तेव्हा ‘हे बंगाली प्रकरण आपलं नाही’ असं म्हणू नका. तिकीट काढा, बॅगेत ब्योमकेश टाका आणि रूम पार्टनरला एकदा नीट निरखून घ्या!