आवक-जावक

माझे बाबा तालुक्याच्या कचेरीत बारनिशीवर होते. टेबलावर दोन जाडजूड नोंदवह्या असायच्या. कचेरीतून बाहेर जाणारा कागद जावकीत चढायचा, बाहेरून येणारा आवकीत. मे महिन्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायचो तेव्हा ते मला शिक्क्यावरची तारीख फिरवू द्यायचे. एकदा एक म्हातारी अंगठा उमटवलेला अर्ज घेऊन आली. साहेब दौऱ्यावर होते. बाबांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, नंबर घातला आणि दुसऱ्या प्रतीवर सही करून ती तिच्या हातात दिली. "आजी, ही पोच. जपून ठेवा." ती गेल्यावर मला म्हणाले, "काम होणं न होणं साहेबांच्या हातात. पण कागद आला होता, हे आता कुणाला नाकारता यायचं नाही."

पुढे कितीतरी वर्षांनी मी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईविषयी वाचू लागलो, तेव्हा काळ्या घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसताना हे वाक्य सोबत असायचं. तिथल्या एका बाडात किडीनं आरपार वाट काढली होती. पानं उलटत गेलो तरी ते भोक किंचित सरकत, एकेक अक्षर खात माझ्याबरोबर येत राहिलं. हुकूम कुणाचा, अर्ज कुणाचा, किडीला सगळं सारखंच.

माणसाला मात्र ते सारखं नसतं. इंग्रजांच्या या बंदराची जावक अफाट होती. गलबतातून काय उतरलं, त्यावर जकात किती, दारू कुठे विकायची, मुडदा कुठे जाळायचा, गाय कुठे चरायची, सगळ्याला नियम. रात्री किल्ल्याचे दरवाजे बंद होत. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत तट आणि दरवाजे पाडले गेले, पण चर्चगेट आणि बाजारगेट ही नावं अजून तोंडात आहेत. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं, आणि त्या नावाची वस्ती आजही गजबजलेली आहे. शहराच्या नावांमध्ये जुनी कचेरी अशी झिरपून बसली आहे.

मला ओढ लागली ती आवकीची. या हुकमांना मुंबईकरांनी काय उत्तर दिलं?

गोष्ट १८३२ची. मोकाट कुत्री मारायला वर्षातल्या ठरावीक दिवसांत परवानगी असे, आणि पोलिस शिपायाला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या उन्हाळ्यात मुदत वाढवली गेली. आठ आण्यांचा मोह असा की पाळीव कुत्रीही सुटेनात. पारशांच्या अंत्यविधीत सगदीद असतो. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याशिवाय त्या माणसाचा निरोप पुरा होत नाही. दारातला कुत्रा त्यांच्या लेखी घरातल्या शेवटच्या क्षणाचा सोबती, आणि सरकारदरबारी त्याची किंमत आठ आणे. ६ जूनला, पारशांच्या सणाच्या दिवशी, किल्ल्यात शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडलीच नाहीत. पारशांबरोबर हिंदू आणि मुसलमान व्यापारीही उतरले होते. कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांचा शिधासुद्धा अडला. फौज आली, धरपकड झाली, शिक्षा झाल्या.

पण वही तिथे मिटली नाही. ज्यांना शिक्षा झाली त्यांच्या माफीसाठी अर्ज गेला. त्यात पुढाकार पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईंचा होता. आणि १८३४ साली जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा केला. मारण्याऐवजी जनावराला कुठे ठेवायचं, याचं उत्तर लोकांनी स्वतःच बांधून दाखवलं.

गवताचंही असंच. कंपनी सरकारनं चराईवर कर बसवला. ज्याच्या दारात एकच गाय, त्यानं तो कुठून भरायचा? १८३८ मध्ये जमशेटजींनी वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळची कुरणं विकत घेतली आणि गुरांना चरणं फुकट झालं. चर्नी रोड हे नाव त्या चरण्यावरून आलं असं सांगतात. त्या स्टेशनवर गाडी थांबली की मला फलाटाच्या गर्दीमागे एखादी गाय मान खाली घालून निवांत चरताना दिसते.

सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा बेत झाला तेव्हा शहरातले पुढारी नाना शंकरशेट आडवे उभे राहिले आणि बेत मागे पडला. १८५२ साली मुंबईकरांनी बॉम्बे असोसिएशन स्थापून थेट विलायतेच्या पार्लमेंटाकडे अर्ज पाठवला. एवढ्या लांबच्या आवकीत आपला कागद चढवायचा, ही त्या काळी केवढी हिंमत!

हुकूम मग घड्याळापर्यंत पोचला. रेल्वे मद्रास टाइमावर धावत होती. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सगळ्या मुंबईवर तोच टाइम लादला, म्हणजे काटे अर्धा तास पुढे. लोकांनी आपला सूर्य सोडला नाही. १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे देशभर एकच वेळ झाली तरी मुंबईच्या महापालिकेनं आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ कितीतरी वर्षं जपली. माझ्या आजीचं लग्न गिरगावात झालं ते त्या वेळेत. मुहूर्त कुठल्या टाइमानं धरायचा यावरून दोन्हीकडचे व्याही अंगणात हुज्जत घालत होते, असं ती सांगायची.

प्रत्येक अर्जाला उत्तर मिळालं, असं मी म्हणणार नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, आणि मग तपासणीवाले उंबरे ओलांडून चुलीपर्यंत गेले. घरांवर खुणा रंगवल्या गेल्या. आजारी माणूस कुठे नेला हे विचारायला धावलेल्या आयांचा कागद कुठल्या वहीत चढला असेल? त्यांना पोच देणारं टेबलावर कुणी नव्हतं. म्हणूनच जे कागद चढले ते मला इतके मोलाचे वाटतात. हे शहर हुकमांनी वसवलं असं इतिहास सांगतो. मला वाटतं, हुकमांना लोकांनी दिलेल्या उत्तरांनी ते राहण्याजोगं झालं.

बाबा गेल्यानंतरच्या श्रावणात मी भुलेश्वरला गेलो होतो. पांजरपोळाच्या आवारात एक बाई हिरव्या गवताच्या पेंढ्या घेऊन बसली होती. एक घेतली. कठड्यापलीकडून एका तपकिरी वासरानं मान लांब केली आणि पेंढी ओढून घेतली. तळहातावर त्याच्या जिभेचा खरखरीत ओलावा राहिला. रुमाल खिशातच होता. मी तो काढला नाही. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मूठ मिटूनच चालत राहिलो, पोच जपून न्यावी तसा.