स्वतःच्या घरातले भाडेकरू

सरकारी नोकरीत ज्यांची उमर गेली, त्यांना घर कोठे असे विचारले तर ते बहुधा क्वार्टरचा नंबर सांगतील. ताबा घेताना पंखे, नळ आणि खिडक्यांच्या काचा मोजून घ्यावयाच्या, सोडताना त्या तशाच मोजून द्यावयाच्या, आणि मधल्या तीन-चार वर्षांत भिंतीत खिळा ठोकताना हात जरा आखडता घ्यावयाचा, असा आमचा गृहस्थाश्रम. दिल्ली, शिलाँग, भोपाळ, पुन्हा दिल्ली. माझेही काही निराळे झाले नाही. त्यामुळे आम्हा भावंडांत 'स्वतःचे घर' म्हणून अभिमानाने सांगावे असे एकच होते आणि तेही सातासमुद्रापलीकडे. न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटन बेटावरील अप्पर ईस्ट साइड या धनिकांच्या वस्तीत, सहाव्या मजल्यावर, थोरल्या दादाचे एका शयनगृहाचे घर.

2018 साली दादा गेला. पुढल्या वर्षी वहिनींनी घर विकून पुण्यास बहिणीजवळ येऊन राहावयाचे ठरवले आणि मला बोलावून घेतले. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर लोकांच्या फायली वाचल्यात. आता एवढी माझी वाचून द्या."

मी वाचली, आणि घराण्यातल्या त्या एकुलत्या एका मालकीहक्काचा पायाच डळमळला. कारण घर वहिनींच्या मालकीचे नव्हतेच! इमारतीची मालक एक कंपनी. रहिवासी तिचे भागधारक. घर जितके मोठे आणि जितके वरच्या मजल्यावर, तितके भाग अधिक. आणि त्या भागांच्या जोरावर कंपनी त्या खोल्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने वापरावयास देते. म्हणजे भागधारक या नात्याने वहिनी मालकीण आणि रहिवासी या नात्याने भाडेकरू. दरमहा भरावयाच्या 'मेंटेनन्स'मधून मालमत्ता कर, नोकरांचे पगार, हिवाळ्यातली ऊब आणि संबंध इमारतीवरील सामायिक कर्जाचे हप्ते भागतात. एकाने पैसे थकवले तर त्याचा भार शेजाऱ्यांच्या खांद्यावर. या व्यवस्थेला तेथे 'को-ऑप' म्हणतात.

मुंबईत ज्यांची बिऱ्हाडे आहेत, त्यांना यात ओळखीचा चेहरा दिसेल. पन्नास रुपयांच्या पाच भागांचा सोसायटीचा दाखला आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात असतो. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहसंस्था तालमकींच्या पुढाकाराने 1915 साली निघाली, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फिनलंडहून आलेल्या कष्टकऱ्यांनी पैसे एकत्र करून आपली सहकारी इमारत बांधली. एकाच कल्पनेला दोन किनाऱ्यांवर एकाच सुमारास पालवी फुटली, हे मला फार हृद्य वाटते. पण मॅनहॅटनच्या श्रीमंत रस्त्यांवर ही कल्पना त्याच्याही आधी, 1880 च्या सुमारासच, निराळ्या वेषात अवतरली होती. तेथे तिचा हेतू भाड्यातून सुटण्याचा नव्हता. शेजारी कोण असावा हे आपण ठरवावे, असा होता. दादाची इमारत या दुसऱ्या कुळातली. पुढे जे घडले ते त्या कुळाला साजेसेच घडले.

विक्रीसाठी दलालबाईंनी जाहिरात लिहिली. 'प्रशस्त, शांत, उजेडाचे. द्वारपाल चोवीस तास. सेंट्रल पार्क चालत्या अंतरावर. नवी भुयारी गाडी दाराशी.' वहिनींनी चष्मा लावून ती शब्दाशब्दाने तपासली. 'प्रशस्त' हा शब्द त्यांना खटकला. साडेसहाशे चौरस फुटांत संसार केलेल्या बाईला तो खटकावा हे योग्यच होते. 'शांत' हे आता खरे होते. भुयारी गाडीचे काम चालू असताना त्यांनी सुरुंगांचे हादरे कित्येक वर्षे सोसले होते. त्या मार्गाची पहिली कुदळ 1972 साली पडली, 1975 साली शहराची तिजोरी रिती झाल्यामुळे काम थांबले, 2007 साली ते पुन्हा सुरू झाले आणि गाडी धावली ती 2017 च्या पहिल्या दिवशी. हे ऐकून आपल्याकडील विकासकामांविषयी मला जरा बरे वाटले, हे लपवीत नाही.

जाहिरातीत नव्हते ते पुष्कळ होते. 1965 च्या कायद्याने अमेरिकेने आपले दार आशियाई लोकांना सताड उघडले आणि मागोमाग दादा डॉक्टर म्हणून तेथे गेला. थर्ड अव्हेन्यूवरून पूर्वी खांबांवरची आगगाडी धडधडत जाई. 1955 साली ती बंद झाली, काळोखा रस्ता मोकळा झाला, आणि जुन्या चाळवजा घरांच्या जागी पांढऱ्या विटांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीत दादा-वहिनी भाड्याने राहू लागली. पुढे, 1980 नंतरच्या काळात, भाड्याच्या इमारतींचे को-ऑप करण्याची लाट आली. असलेल्या भाडेकरूंना बाहेरच्यांपेक्षा कमी किमतीत भाग मिळत, तसे दादाला मिळाले. ज्या खोल्यांत तो भाडेकरू होता, तेथेच तो मालक झाला. झोपण्याची बाजूदेखील बदलली नाही, असे तो म्हणे.

जेवणाच्या टेबलासाठी केलेल्या कोनाड्यात त्याने पुस्तके भरली. दिवाणखान्यातला सोफा उलगडला की पाहुण्यांची शय्या होई. शिकावयास आलेले भाचे-पुतणे, मुलीच्या बाळंतपणाला आलेल्या आणि तिच्याकडे जागा नाही म्हणून येथे टेकलेल्या कोणाच्या तरी आई, शस्त्रक्रियेसाठी आलेले एक दूरचे काका, सगळे त्या सोफ्यावर निजून गेले. एका चिमुकल्या स्वयंपाकघरात एका दिवाळीला एकोणीस माणसांची पंगत निभावली, हे वहिनी आजही आकडा लावून सांगतात. दलालबाईंच्या हिशेबी ते 'एक शयनगृह' होते.

पहिली गिऱ्हाईक आली ती एक तरुण शिक्षिका. कोनाड्यापाशी येऊन तिने विचारले, "येथे पुस्तके होती का?" वहिनींचे मन त्या एका प्रश्नाने जिंकले. किंमत ठरली. मग त्या मुलीने संचालक मंडळापुढे आपले आयुष्य कागदोपत्री मांडले: कराची विवरणपत्रे, बँकेतली शिल्लक, मालकाचे पत्र, मित्रांची शिफारसपत्रे. नंतर मुलाखत. आम्ही मुलगी पाहावयास जात असू, त्यातलाच प्रकार. फक्त येथे पोहे मिळत नाहीत.

मंडळाने नकार दिला. कारण सांगितले नाही. सांगणे त्या वेळी बंधनकारकही नव्हते. वंश, धर्म अशा कारणांवरून नाकारणे कायद्याने गुन्हा आहे. पण मौनाच्या मागे काय दडले आहे, हे कोणी पाहावे? मंडळांचा हा अधिकार न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ अपील न्यायालयाने 1959 सालीच मान्य केला होता. माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनादेखील 1979 साली मॅनहॅटनच्या को-ऑपवाल्यांनी दारातून परत पाठवले, आणि अखेर त्यांनी स्वतंत्र घर घेतले. निक्सनची गोष्ट ऐकून हसू येते. त्या शिक्षिकेची ऐकून मला आले नाही.

मी संतापलो. वहिनी संतापल्या नाहीत, आणि याचेच मला अधिक नवल वाटले. रात्री चहाचे कप विसळता विसळता त्या म्हणाल्या, "भाऊजी, सहा वर्षे मी त्या मंडळावर होते. त्याच टेबलाशी बसून मीही हात वर केला आहे."

"कोणाविरुद्ध?"

"ते सांगावयाचे नसते."

मग त्या थोड्या थांबल्या. 2008 साली चोहीकडे लोकांची घरे जप्त होत होती, तेव्हा आपल्या इमारतीत एकाचाही हप्ता चुकला नाही, असे म्हणाल्या. "लिफ्ट बिघडली की पैसे सर्वांचे जातात. पाहून घ्यावेच लागते." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न पाहता, "पण त्या मुलीचे कागद मी पाहिले होते. त्यांत काही कमी नव्हते."

त्या रात्री मला झोप आली नाही. सोफ्यावर पडून मी आपल्याकडच्या सोसायट्या आठवत राहिलो. अमुक जातीचे नकोत, सामिष खाणारे नकोत, एकटी बाई नको, हे आपल्याकडे जिन्यातच ऐकू येते. पारशी गृहसंस्थेने सभासदत्व पारशांपुरते राखण्याचा नियम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वैध ठरवला. तेथले मौन आणि आपल्याकडचा मोकळेपणा, यांत अधिक बरे काय, याचा निर्णय मला करता आला नाही. मात्र शेजारी निवडण्याचा हक्क ज्याच्या हाती येतो, त्याला तो जपावासाच वाटतो. माझ्या वहिनींसारख्या सोफा उलगडून बसलेल्या बाईलासुद्धा.

दरम्यान घर रिकामे ठेवले तरी मेंटेनन्स चुकत नव्हता, आणि पुण्याच्या बहिणीची तब्येत वाट पाहण्याजोगी नव्हती. तीन महिन्यांनी दुसरे गिऱ्हाईक मिळाले. एक गृहस्थ, बहुतेक वेळ दुसऱ्या गावी राहणारे, शहरात आले की उतरावयास जागा हवी म्हणून घेणारे. किंमत पहिलीपेक्षा कमी. मंडळाने आठवड्याभरात मान्यता दिली. ते कोनाड्यापाशी आले नाहीत.

वकिलाच्या कचेरीत वहिनींनी भागांचा दाखला टेबलावर ठेवला. त्यावर दादाचे आणि त्यांचे नाव शेजारी शेजारी टंकलेले होते. वकिलाने तो रद्द करून नवा दाखला नव्या नावाने पुढे केला. भागांची संख्या तीच. वहिनींनी जुन्या दाखल्याची एक छायाप्रत मागून घेतली आणि पर्समध्ये घडी घालून ठेवली. किल्ल्या देताना त्यांनी त्या गृहस्थांना सांगितले, "शयनगृहातली खिडकी पावसाळी हवेत अडकते. खालून ढकला, वरून नको."