साडेतीननंतरचं बीकेसी

सकाळी साडेआठला कुर्ला स्टेशनबाहेर या. शेअर रिक्षात तिघं, तिघांच्याही गळ्यात आयकार्ड. मिठी ओलांडली की काचेच्या बिल्डिंगा सुरू. वेलकम टु बीकेसी!

एकेकाळी ही खाडीकाठची दलदल होती. एमएमआरडीएने तिचं बिझनेस सेंटर केलं. २००० साली नॅशनल स्टॉक एक्स्चेंज इथे आलं. सेबी आहे, मोठमोठ्या बँका आहेत. नरिमन पॉइंटचा रुबाब हळूहळू इकडे सरकला.

शेअर मार्केट सव्वानऊला उघडतं, साडेतीनला बंद. म्हणजे मंडळी सुटली? छे! जानेवारी २०२३पासून आजच्या सौद्याचे पैसे आणि शेअर्स दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचते करावेच लागतात. त्यामुळे बॅक ऑफिसचा खरा दिवस साडेतीननंतरच सुरू होतो. महिनाअखेरीला लोनवाल्यांचं टार्गेट, मार्चएंडला तर सगळ्यांचीच वाट!

सगळ्यात मजेशीर डेस्क होमलोनचं. दिवसभर दुसऱ्यांच्या टू-बीएचकेच्या फायली पास करायच्या आणि रात्री बदलापूर लोकलमध्ये उभ्याने घरी जायचं. ऑफिसजवळ घर घ्यायचं तर स्वतःचीच फाइल पगारापाशी अडते. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो बीकेसीहून थेट कफ परेडपर्यंत धावते. झकास! पण बदलापूरकराला तिचा काय उपयोग?

इथली ऑफर आलीय? अभिनंदन! फक्त सीटीसीच्या आकड्याशेजारी पेन्सिलने घरी पोचायची वेळही लिहा. मग सही करा.